चमच्यातली लघवी: मूत्रपिंडाचा आजार ओळखू येऊ लागला तेव्हा

"क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, म्हणजे किडनी ठीक आहे." रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की घरोघरी हेच म्हटलं जातं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून लघवीत टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ. यावर विसंबून अनेकांचा मोलाचा काळ वाया जातो, म्हणून हे जरा मागे जाऊन सांगायला हवं.

एके काळी अंगावरची सूज हाच आजार मानत. पाय सुजले, डोळ्यांखाली फुगलं, पोटात पाणी झालं की रक्त काढायचं, जुलाब द्यायचे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये या सुजेचं मूळ दाखवलं. चमच्यात रुग्णाची लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. अंड्यातला पांढरा भाग उकळल्यावर घट्ट होतो, तशीच ती गढूळ होऊन साकळायची. तो साका अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातच राहायला हव्या असलेल्या प्रथिनाचा. लघवी अशी साकळते हे इटलीतल्या दोमेनिको कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच पाहिलं होतं. ब्राइट यांनी मात्र रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन करून त्याची मूत्रपिंडंही तपासली. ती बिघडलेली, कित्येकदा कडक आणि खडबडीत झालेली असत. सूज, साका आणि मूत्रपिंड यांचं नातं तिथे जुळलं. पुढे कित्येक वर्षं या दुखण्याला 'ब्राइटचा आजार' असंच म्हणत.

क्रिएटिनिन आलं नंतर. १८८६ मध्ये माक्स याफे यांनी पिक्रिक आम्लाने त्याला नारिंगी-लाल रंग येतो हे दाखवलं. तीच रीत आजही अनेक लॅबमध्ये चालते. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या आजाराचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागलं.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. त्यामुळे एखाद्या किडकिडीत आजीचा आकडा नॉर्मल दिसतो आणि गाळण्याची ताकद निम्म्यावर आलेली असते. म्हणून क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, ईजीएफआर म्हणजे गाळण्याच्या ताकदीचा अंदाज काढतात. २००२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी व्याख्या पक्की केली: ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा लघवीतून प्रथिन जाण्यासारखी इजेची खूण, यातलं एक जरी ३ महिने टिकलं तरी तो दीर्घकालीन आजार.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा ईजीएफआरसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणही डॉक्टरांकडे आवर्जून मागा. त्याला सकाळची थोडीशी लघवी पुरते.