छुप्या ब्रेसेस परदेशातल्या एका फेरीत? नाही!

सुट्टीत परदेशी जायचं, स्वस्तात छुप्या ब्रेसेस (दात सरळ करणारी, बाहेरून सहज न दिसणारी साधनं) बसवायच्या आणि काम फत्ते, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. कॅप किंवा व्हिनिअरचं (दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचं) काम आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतं, म्हणून ब्रेसेसचंही उरकेल असं लोक धरून चालतात.

बसवणं ही फक्त सुरुवात. तारेचा हलका दाब पडला की दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. दात सरकतो तो महिन्याला जेमतेम 1 मिलिमीटर. घाईने दाब वाढवला तर मुळं झिजून आखूड होण्याचा धोका. म्हणूनच उपचार बहुधा दीड-दोन वर्षं चालतो आणि दर 4 ते 8 आठवड्यांनी तपासणी लागते.

त्यात जिभेच्या बाजूने लावायच्या लिंग्वल ब्रेसेस सगळेच ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) करत नाहीत. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) सुटलं, तारेचं टोक जिभेला टोचायला लागलं, तर घराजवळचा डॉक्टर दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायला बरेचदा कां-कूं करतो. तोवर टोकावर मेणाची गोळी दाबून बसा!

पारदर्शक अलायनरना (दातांवर चढवायच्या, काढता येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांना) फेऱ्या कमी लागतात, हे खरं. पण ते दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात, आणि अलायनरला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेला एखादा उंचवटा निघाला की पुन्हा तीच पंचाईत.

तरीही जायचंच असेल तर सगळ्या फेऱ्यांचं तिकीट, मुक्काम आणि शेवटचा रिटेनर (सरकवलेले दात जागेवर टिकवणारं साधन) धरून बेरीज करा. मधल्या काळात कोण पाहणार, हे आधी लेखी घ्या.