कुरकुर बुशची की बॉल जॉइंटची?

पिकअपच्या पुढच्या चाकाखालून कुईं-कुईं सुरू झाली की सल्ला ठरलेला असतो: "जरा जळकं ऑइल मार, गप्प बसेल." आणि ती खरंच गप्प बसते. लासलगावच्या बाजारात कांदा टाकून गाडी परत येते, पुन्हा एका स्पीड ब्रेकरवर चढते आणि आवाज परत हजर. मग परत ऑइल. या उपायात खरी खोट ही आहे की ऑइलने आवाज दबतो, पण तो कुणाचा होता ते कळत नाही. पुढच्या सस्पेन्शनमध्ये जवळजवळ सारखा आवाज करणारे दोन भाग एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. एक आहे आर्मचा बुश, दुसरा बॉल जॉइंट. बुश वाजला तर डोकं उठतं. बॉल जॉइंट वाजत राहिला आणि आपण दुर्लक्ष केलं, तर एक दिवस चाकच गाडीखालून बाहेर लोळतं.

आधी रचना बघू. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपला मागे पाटे असतात, पण पुढे डबल विशबोन असतं. म्हणजे प्रत्येक बाजूला एक वरचा आर्म आणि एक खालचा. आर्मची आतली टोकं चासीला बुशवर टांगलेली. बाहेरची टोकं नकलला, म्हणजे ज्याच्यावर चाकाचा हब बसतो त्या जाडजूड लोखंडी तुकड्याला, बॉल जॉइंटने जोडलेली. आतल्या टोकाला फक्त वरखाली हलायचं असतं. बाहेरच्या टोकाला वरखालीही हलायचं असतं आणि स्टेअरिंगबरोबर वळायचंही असतं. निदानाचा सगळा खेळ या एका फरकावर आहे.

बुश म्हणजे एकात एक अशा दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये करकचून आवळलेली, बाहेरची आर्मच्या डोळ्यात प्रेसने बसवलेली, आणि रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं. आर्म हलतो तेव्हा इथे काहीच घासत नाही. रबर पिळलं जातं आणि पीळ सोडून परत सरळ होतं. म्हणून धडधाकट बुश बोलूच शकत नाही. रबर म्हातारं होऊन नळीपासून सुटलं की मग ते लोखंडावर घासू लागतं आणि नव्या कोल्हापुरी वहाणेसारखं करकरतं. स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या, बुशांची गोष्ट वेगळी. तिथे रबर बारभोवती नुसतं कवटाळून बसलेलं असतं आणि वरून पट्टी आवळलेली असते. त्यात शेतरस्त्याची बारीक माती शिरली की झालं. कुरकुरीची तक्रार आली की माझा पहिला संशय या स्वस्तातल्या रबरांवर असतो.

बॉल जॉइंटमध्ये मात्र घासणं हेच काम. कपात बसवलेला गुळगुळीत गोळा, गोळ्याला दांडा, मध्ये प्लास्टिकचं अस्तर, भरपूर ग्रीस आणि वरून रबरी बूट. बूट शाबूत आहे तोवर सगळं ठीक. तो चिरला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. मग गोळ्याला गंज चढतो आणि तो गंज पॉलिश पेपरसारखा अस्तर खातो. सुरुवातीला नुसती कुईं ऐकू येते, पुढे खड्ड्यात टक्-टक् सुरू होते. ही टक्-टक् म्हणजे गोळा कपात सैल झाल्याची खूण. गंमत म्हणजे तोवर कुईं पुष्कळदा बंद झालेली असते, आणि मालकाला वाटतं की आवाज आपोआप गेला.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा, चाकं जमिनीवरच असू द्या. एकाने स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या आतल्या बाजूला कान द्यायचा. हात मात्र आत घालायचा नाही. आवाज आला तर बुश जवळपास संशयातून सुटले, कारण स्टेअरिंगने आर्म जवळजवळ हलतच नाहीत. संशय उरतो तो बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा नकलला जोडणाऱ्या सांध्यावर. आता इंजिन बंद करा आणि बोनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी खालीवर झुलवा. आवाज आला तर लगेच "बुश" म्हणून मोकळं होऊ नका. झुलवताना बुशही पिळतात आणि बॉल जॉइंटही फिरतात. थोडक्यात, स्टेअरिंगवर आवाज आला तर बुश बहुधा निर्दोष, पण झुलवल्यावर आवाज आला म्हणून बॉल जॉइंट निर्दोष ठरत नाही. मिस्त्री लोकांचा घोटाळा नेमका इथे होतो. ते नुसती गाडी झुलवतात, आवाज ऐकतात आणि बुशचा सेट बदलून बिल देतात.

पुढची परीक्षा पाण्याची. तोंडाशी बारीक भोक पाडलेली साधी बाटली पुरते. आधी स्टॅबिलायझरच्या एका बुशवर पाणी मारा आणि गाडी झुलवा. मग दुसऱ्यावर, मग खालच्या आर्मच्या पुढच्या बुशवर, मग मागच्या. एका वेळी एकच जागा भिजवायची, सगळीकडे पाईप फिरवला तर परीक्षा वाया गेली. ज्या जागी पाणी पडताच आवाज थांबतो, तिथे दोष. ओलं रबर लोखंडावर घसरतं, म्हणून ते तेवढ्यापुरतं शांत होतं. बॉल जॉइंटवर पाणी ओतलं तरी ते बुटाच्या बाहेरून ओघळून जातं आणि आवाज जसाच्या तसा राहतो. बूट फाटलेला असेल तर पाणी आत जाऊ शकतं, पण मग फाटलेला बूट समोर दिसतोच, वेगळ्या परीक्षेची गरज उरत नाही.

हाच फरक ऋतूंमध्येही दिसतो. बुशची कुरकुर भर पावसात नाहीशी होते आणि ऊन पडून चार दिवस रस्ते सुकले की परत येते. थंडीत रबर कडक होतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे गाडी काढताना ती जास्त ओरडते आणि ऊन चढल्यावर जरा निवळते. बॉल जॉइंटचं उलट. पावसाळाभर फाटक्या बुटातून पाणी आत मुरत राहतं आणि दिवाळीच्या आगेमागे गंज बोलायला लागतो. गाडीवाल्याला "आवाज कधीपासून?" एवढं विचारलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

अजूनही खात्री नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. गाडी झुलवताना त्याचं टोक आर्मच्या बुशजवळच्या भागावर टेका, मूठ कानामागच्या हाडाला. मग टोक नकलवर, बॉल जॉइंटच्या शेजारी. जिथे करकर थेट डोक्यात घुसते, ती जागा. ही युक्ती फक्त झुलवण्याच्या परीक्षेसाठी. स्टेअरिंग फिरत असताना चाकाआड डोकं घालू नका.

बॉल जॉइंटवर बोट गेलं की मग प्ले, म्हणजे सांध्यातली सैल हालचाल, तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि इथे जॅक कुठे लावता यावर निकाल ठरतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते. जॅक चासीखाली लावून चाक अधांतरी सोडलं तर स्प्रिंग खालच्या आर्मला दाबत राहते, गोळा कपात एका अंगाला रेटलेलाच राहतो, आणि आतून खाल्लेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जमेल तितक्या जवळ लावायचा. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की पुरे. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि चासीखाली आधाराला घोडी हवीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये.

आता टायरखाली पहार सरकवून चाक वर उचला, सोडा, परत उचला. दुसऱ्याने नजर फक्त नकल आणि आर्म यांच्या मधल्या फटीवर ठेवायची. फट उघडझाप करताना दिसली की जॉइंट गेला. मग टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर केबिनमधल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. नाही थांबली तर बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूने धरून हललं तर टाय रॉड एंडकडे बघा. किती प्ले चालतो ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि काही जॉइंटना अजिबात चालत नाही.

एवढा बाऊ कशासाठी, असं वाटत असेल तर एक जुनं प्रकरण सांगतो. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा आणि टुंड्रा पिकअप, तसंच फोररनर आणि सेक्वोया, अशा मिळून पावणेआठ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. कारण होतं पुढचे खालचे बॉल जॉइंट. बनवताना गोळ्याला ओरखडा गेला असेल तर ते लवकर झिजून ढिले होण्याची भीती होती. गोळ्यावरचा ओरखडा ही किती लहान गोष्ट! खालचा जॉइंट निसटला की नकल आर्मपासून सुटतो, चाक आडवं होतं, गाडीचा तो कोपरा जमिनीवर बसतो आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. माल भरलेली गाडी कसारा घाट उतरत असताना हे झालं तर काय, ते वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती. स्टॅबिलायझरचं रबर सगळ्यात सोपं: पट्टी सोडा, बार पुसून साफ करा, नवं रबर घाला, हवं तर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. जळकं ऑइल, डिझेल, साधं ग्रीस इथे नको. नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. आज आवाज थांबवणारं ऑइल उद्याचा बुश खातं.

आर्मचे बुश प्रेसवर काढावे-बसवावे लागतात. हातोड्याने ठोकले तर बाहेरची नळी वाकडी होते. बसवल्यानंतरची एक गोष्ट मात्र कितीतरी गॅरेजमध्ये चुकते. आर्मचा बोल्ट चाक अधांतरी लटकत असताना शेवटचा आवळायचा नसतो. तो आवळला की आतली नळी त्याच स्थितीत जखडते. मग गाडी जमिनीवर उतरली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. नवा कोरा बुश थोड्याच दिवसांत फाटतो आणि दोष "माल डुप्लिकेट होता" असा निघतो. बोल्ट आधी नुसते बोटाने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा झुलवून बसू द्यायची आणि मग पिटमध्ये उतरून टॉर्क पान्याने आवळायचे. काम करून घेताना गाडीमालकाने तिथे उभं राहून बघण्यासारखा हा एवढा एकच क्षण.

बुशच्या जागी पॉलियुरेथेनचे रंगीत बुश घालायची हौस हल्ली दिसते. त्यात मधला भाग नळीला चिकटलेला नसतो, तो नळीवर फिरतो, म्हणजे त्याला वेळोवेळी ग्रीस लागणारच. माल वाहणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही. कुरकुर घालवायला जाऊन नवी विकत आणल्यासारखं होतं.

बॉल जॉइंटला उपाय एकच, बदलणे. बुटातून सिरिंजने ग्रीस भरण्याची युक्ती चालते, पण बुटाला आणखी एक भोक पडतं आणि गंजलेला गोळा काही परत गुळगुळीत होत नाही. जुन्या गाड्यांत ग्रीस निप्पल असतं, तिथे बूट शाबूत आणि प्ले नसेल तर ग्रीस गन जरूर मारा. काही गाड्यांत जॉइंट सुटा मिळतो, काहींत आर्मसकट घ्यावा लागतो. नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार स्प्लिट पिन घालतात. बसवताना त्यासाठी नटाची खाच आणि दांड्याचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून कधीच नाही. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवीन. जुनी सरळ करून परत घालणारा मिस्त्री दिसला तर तोंड उघडून बोला.

खालच्या आर्मचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या कॅम वॉशरवर (हे फिरवून चाकाचा कोन लावतात) खडूने किंवा पंचने खूण करून ठेवा, म्हणजे गाडी निदान सरळ चालत अलाइनमेंटपर्यंत पोचेल. अलाइनमेंट टाळू नका, नाहीतर नव्या टायरची एक कड लवकरच गुळगुळीत होईल. आणि हे सगळं करूनही स्टेअरिंग फिरवताना कुईं राहिलीच, तर परत चाकाखाली शिरण्याआधी केबिनमध्ये पायाशी वाकून बघा. स्टेअरिंगचा रॉड जिथून इंजिनच्या बाजूला जातो तिथलं रबर सुकलं तरी हुबेहूब असाच आवाज येतो, आणि त्याला सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा पुरतो.