वाघरू मारा म्हणणारी माणसं आणि मारू नका म्हणणारी माणसं, बऱ्याचदा तीच असतात

2022 चा ऑगस्ट बेळगावात कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. जाधवनगरात बिबट्या दिसला, बांधकामावरच्या एका कामगाराला त्यानं जखमी केलं आणि तिथून तो गोल्फ कोर्सच्या झाडीत जो शिरला तो शिरलाच. आजूबाजूच्या 22 शाळा बंद, पिंजरे लावले, ड्रोन उडवले, ट्रॅप कॅमेरे बांधले, शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैलू हत्ती कॅम्पातनं हत्ती आणले, तरी बिबट्या काही हाताला लागला नाही.

मी तेव्हा बिबट्यापेक्षा माणसांचं बोलणं जास्त ऐकत होतो. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पहिल्या आठवड्यात "बिचारा वाट चुकलाय, फटाके लावून घाबरवू नका" असले मेसेज होते. तिसऱ्या आठवड्यात तीच माणसं, तेच नंबर, "अजून किती दिवस ओ, गोळी घाला की एकदाची". मधल्या काळात आमच्या गल्लीत त्याचा साधा ठसासुद्धा कुणी बघितला नव्हता. बदललं होतं ते एवढंच की पोरं घरात कोंडली होती आणि हे कधी संपणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

शिकारी प्राण्याला मारावं का, याबद्दल लोकांना काय वाटतं यावर जगभर बराच अभ्यास झालाय, आणि त्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसतं की धोका किती मोठा आहे यापेक्षा तो आपल्या हातात आहे का नाही यावर माणसाची भीती जास्त अवलंबून असते. पॉल स्लोविक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1987 मध्ये धोक्याच्या जाणिवेवर लिहिलेला लेख आजही आधाराला घेतात, त्यात त्यानं दाखवलं होतं की जो धोका अनोळखी वाटतो, अंगावर काटा आणतो आणि आपल्याला आवरता येत नाही, तो आपण खूप मोठा धरतो. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली, तरी खानापूर रोडला गाडी काढताना आपला हात थरथरत नाही, कारण हँडल आपल्या हातात असतं. झाडीत बसलेल्या बिबट्याचं हँडल कुणाच्याच हातात नसतं.

आता शहर सोडा, माझ्या मामीचं सांगतो. मामीचं घर जांबोटीच्या पुढं जंगलाच्या कडेला, दारात चार जनावरं. एका पावसाळ्यात गोठ्याची मागची कुडाची भिंत पावसानं कुजून सैल झालेली, रात्री तिथनं बिबट्या आत आला आणि दावणीचं वासरू मारलं. सकाळी मी पोचलो तेव्हा ते तसंच पडलेलं. गळ्याखाली चार भोकं, करंगळी जाईल एवढी, बाकी मानेवर फारसं रक्त पण नाही. बिबट्या गळा धरून श्वास बंद करतो, म्हणून असं दिसतं. त्यानं ओढायला बघितलं होतं पण दावं तुटलं नाही, शेणात पायांच्या फरफटीची हातभर रेघ तेवढी उठलेली. मामी म्हणाली, "असल्याला ठेवू नये ओ, मारूनच टाकावं." आणि खरं सांगतो, त्या घडीला मलापण तेच वाटलं.

पण नंतरचे दोन दिवस तिचा राग हळूहळू दुसरीकडं वळला. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा होईपर्यंत वासरू हलवायचं नाही, वर पाऊस, माश्या, वास, गावची कुत्री सारखी यायला लागलेली, हातात काठी घेऊन ती रात्री जागत बसली. "वाघाचं पोट हाय, तो खाणार. ह्यांना यायला काय झालं?" असं ती म्हणाली (बिबट्यालापण आमच्याकडं वाघच म्हणतात) ते माझ्या डोक्यातून जात नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लांडग्यांवरून लोकांची मतं वर्षानुवर्षं मोजली गेलीत, आणि 2001 साली ज्यांना विचारलं त्यातल्याच लोकांना 2009 ला परत विचारलं, म्हणजे मत कसं सरकतं ते कळतं. सरकारचा अंदाज असा होता की कायद्यानं लांडग्याची शिकार खुली केली की गावच्या लोकांना वाटेल, चला आपलं कुणीतरी ऐकलं, आणि मग उरलेले लांडगे ते सहन करतील. ऐकायला पटतं. 2012 ला शिकार खुली झाली, नंतर परत मतं घेतली, तर सहनशीलता वाढलेली दिसली नाही. त्याच्या आधी 2003 च्या एका अभ्यासात तर असंही दिसलं होतं की ज्यांना जनावराची भरपाई मिळाली ते भरपाई न मिळालेल्यांपेक्षा काही जास्त सहनशील नव्हते. नुसते पैसे दिले की माणूस शांत होतो असं समजणाऱ्यांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. 2021 च्या फेब्रुवारीत तिथं परत शिकार खुली केली, परवान्यावाल्या शिकाऱ्यांना मिळून 119 लांडग्यांची मर्यादा होती, तीन दिवस पुरे व्हायच्या आत 218 मेले.

मत बाजूला ठेवा, एखादा मारून किंवा उचलून त्रास तरी कमी होतो का? बिबट्या ठरलेल्या हद्दीत राहतो. जुना नर गेला की ती जागा मोकळी होते आणि तिथं बहुतेक वेळा नवखा, हद्द शोधत फिरणारा तरणा बिबट्या येतो, त्याला ना वाटा माहीत ना गावाची सवय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कूगर या मोठ्या मांजरावर अभ्यास झाला, तिथं जास्त कूगर मारलेल्या भागात पुढच्या वर्षी तक्रारी वाढलेल्या दिसल्या. आपल्या जवळचं उदाहरण जुन्नरचं. तिथले बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडायचा कार्यक्रम झाला, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला साधारण 4 वरून 17 वर गेले, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मांडलं. पकडलेला बिबट्या घाबरलेला असतो, जखमी असू शकतो, नव्या जागेत त्याला काहीच ओळखीचं नसतं, आणि घराकडं परत जायची त्याची ओढ जबरदस्त असते.

आमच्या खानापूरला याची किंमत बसलेली आहे. 2014 च्या शेवटी चिक्कमगळूरकडं माणूस मारलेल्या एका वाघाला पकडून रेडिओ कॉलर लावून आमच्या तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात सोडलं, आणि थोड्याच दिवसांत खानापूर तालुक्यातल्या एका तरुण बाईचा त्यानं जीव घेतला. लोक रस्त्यावर आले, डिसेंबर संपायच्या आत वाघाला गोळी घालून मारलं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमात याची सोय आहे, प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल तर मुख्य वन्यजीव रक्षक मारायची परवानगी देऊ शकतात. त्या वेळी तालुक्यात वाघ नकोच असं म्हणणारे मला फार भेटले नाहीत, "दुसरीकडचा वाघ आमच्यात न विचारता का आणून सोडला" हे मात्र ज्याच्या त्याच्या तोंडात होतं. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

ऐकणारं कुणी नाही असं वाटलं की माणूस काय करतो ते म्हादईच्या पलीकडं बघायला मिळालं. जानेवारी 2020 मध्ये गोव्यात सत्तरीच्या गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषानं मेली, त्याआधी त्या वाघांनी तिथल्या धनगरांची गुरं मारली होती. म्हादई अभयारण्य आणि आमचं भीमगड एकमेकांना लागून, वाघाला गोवा-कर्नाटक हद्दीचा दगड दिसत नाही. मला वाघांचं वाईट वाटलंच, पण त्या घराच्या दावणीला काय उरलं होतं हेही डोळ्यासमोर आलं.

प्राणी मारतो कसा, याच्यावरनंपण आपलं मत ठरतं, आणि कोळसुंद्यावर, म्हणजे रानकुत्र्यावर, याच्यामुळं फार अन्याय झालाय. कोळसुंदे टोळीनं पाठलाग करतात आणि शिकार जिवंत असतानाच मागनं खायला लागतात, म्हणून ती "हलकट जात". माणसावर त्यांचे हल्ले जवळजवळ ऐकिवात नाहीत, तरी इंग्रजांच्या काळात त्यांच्या मुंडक्यावर बक्षीस होतं. वाघ-बिबट्या-लांडग्यांनापण होतं, इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबात 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी 80 हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाखांवर लांडगे मारले गेले.

शहर आणि गाव यांच्यातली फट तर सगळीकडं सारखीच. स्वित्झर्लंडमध्ये सप्टेंबर 2020 ला लांडगा मारायचे नियम सोपे करावेत का यावर सगळ्या देशानं मतदान केलं, 51.9 टक्के मतं विरोधात गेली आणि प्रस्ताव पडला, पण जिथं मेंढ्या चरतात त्या डोंगराळ भागातून मात्र तो उचलून धरला होता. बेळगावात टिळकवाडीत बसून बिबट्यावर प्रेम करणं मला परवडतं, मामीला ते वासराच्या भावानं पडतं.

एक गोष्ट मात्र सर्व्हे करणाऱ्यांना कळकळीनं सांगायची आहे. आमच्याकडं बोलताना पट्टेवालापण वाघ आणि बिबट्यापण वाघच, कुणी वाघरू म्हणतं, शेजारी कन्नड बोलणारा बिबट्याला चिरते म्हणतो. प्रश्नपत्रिका घेऊन कुणी मामीच्या दारात आलं आणि "वाघाला मारावं का" असं विचारलं, तर ती त्या वासराच्या सकाळी एक उत्तर देईल, भाताच्या शेतात डुकरं शिरल्यावर दुसरं देईल, कारण डुकरांच्या नासाडीपायी "वाघ होता तेव्हा डुकरं येवढी नव्हती" असं तीच म्हणते. तेव्हा आधी कुठला वाघ ते विचारा, मग गेल्या वर्षात काय गेलं, कोण बघायला आलं, किती दिवसांनी आलं तेपण विचारा, आणि भर पावसाळ्यात एकदा नि सुगी झाल्यावर एकदा असं दोनदा या.