घरगुती एफएम अँटेना

एफएम रेडिओच्या लहरी हवेतून उचलून त्या संचापर्यंत पोहोचविणारी, घरात किंवा घरावर बसविलेली धातूची काडी, तार अथवा अनेक काड्यांची रचना म्हणजे घरगुती एफएम अँटेना होय. जुन्या पिढीच्या तोंडी तिचे नाव ‘एरियल’ असे आहे. भारतात हे प्रक्षेपण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. त्यामुळे लहरीची लांबी २.८ ते ३.४ मीटर भरते आणि अँटेनाचे जवळजवळ प्रत्येक माप या लांबीच्या अर्ध्या किंवा चौथ्या हिश्शावरून निघते. मराठवाड्यात आकाशवाणीची केंद्रे छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड व धाराशिव येथे आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे खासगी एफएम केंद्रेही ऐकू येतात. या शहरांत राहणाऱ्याला अँटेनाचा विचार सहसा करावा लागत नाही. तो करावा लागतो तो तीस-चाळीस किलोमीटरपलीकडच्या गावांत, तेही गाव डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे त्यावर अवलंबून.

मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) वाढलेल्या श्रोत्याची एक सवय येथे आड येते. परभणी केंद्राच्या १३०५ किलोहर्ट्झवरील लहरीची लांबी २३० मीटर असते. ती जमिनीला धरून पसरते आणि संचाच्या पोटातील फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी तिला पकडते. म्हणूनच मध्यम लहरींवर आवाज बारीक झाला की अख्खा रेडिओ फिरवून ठेवण्याची रीत पडली. एफएमवर ही कांडी काहीच काम करीत नाही. तेथे काम करते ती मागे बसविलेली, ओढून लांब करता येणारी काडी, आणि तीच अनेक घरांत मोडून अर्धी राहिलेली असते. पूर्ण उघडल्यावर या काडीची लांबी ७५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी. मोबाइलमधील एफएमला हीच लांबी हेडफोनच्या वायरीतून मिळते, त्यामुळे वायर न जोडता बहुतेक फोनवर स्टेशन लागत नाही.

एफएम लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. प्रक्षेपकाच्या मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले असता सपाट प्रदेशातील त्याचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहर थेट पोहोचण्याची हद्द, किलोमीटरमध्ये मिळते. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे अंतर ४१ किलोमीटर येते. श्रोत्याच्या अँटेनाचेही असेच क्षितिज त्यात मिळवावे लागते : चार मीटर उंचीवर ८ किलोमीटर, तर नऊ मीटर उंचीवर १२ किलोमीटर. म्हणजे छतावर पाच मीटरचा पाइप उभा करून क्षितिज चारच किलोमीटरने वाढते. तरीही हा खटाटोप वाया जात नाही, कारण उंचीचा खरा लाभ शेजारचे दुमजली घर, पाण्याची टाकी आणि दाट झाडांची ओळ यांच्या वर निघण्यात आहे.

पैठणपासून नांदेडपर्यंतच्या गोदाकाठच्या सपाटीला हे गणित बऱ्यापैकी लागू पडते. बालाघाटच्या डोंगररांगेत ते कोलमडते. बीड जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी गावांची वाटणी लोक रोजच्या बोलण्यात करतात आणि एफएमसाठीही तीच वाटणी खरी ठरते. कड्याच्या माथ्यावरील गावात साध्या काडीवर दोन-दोन जिल्ह्यांची केंद्रे लागतात, तर कड्याच्या पायथ्याला वसलेल्या गावात मनोरा जवळ असूनही खरखर ऐकावी लागते. डोंगराच्या कडेवरून थोडी लहर वाकून खाली येते खरी, पण ती इतकी क्षीण असते की ती पकडण्यासाठी छतावरच्या अँटेनाशिवाय गत्यंतर नसते. म्हणून अँटेना विकत घेण्याआधी कोणते केंद्र हवे, ते कोणत्या दिशेला आहे आणि मध्ये काय उभे आहे, या तीन गोष्टी ठरवाव्यात. दुकानदार यांपैकी एकही विचारत नाही.

घराची बांधणी हा पुढचा मुद्दा. जुन्या वाड्यातील मधल्या खोलीच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन हात जाड असतात आणि वर मातीचे माळवद असते. रेडिओ ठेवला जातो तो नेमका या भिंतीतील देवळीत. तेथे लहर पोहोचेपर्यंत तिचा मोठा हिस्सा भिंतीत जिरलेला असतो. पत्र्याच्या घरात अडचण निराळी : पत्रा लहर परतवून लावतो आणि आत येते ती फक्त दारा-खिडकीतून. स्लॅबच्या घरात सळयांची जाळी कमी-अधिक तसाच अडथळा करते. अशा ठिकाणी एक प्रयोग बिनखर्चाचा आहे. संच देवळीतून काढून खिडकीच्या ओट्यावर ठेवावा आणि नंतर वीतभर, हातभर असा सरकवीत जावे. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळून खोलीत कोठे जोर तर कोठे पोकळी निर्माण करतात. या दोहोंतील अंतर लहरीच्या चौथ्या हिश्शाइतके, म्हणजे पाऊण मीटर असते. म्हणूनच कोनाड्यात मुका असलेला संच तेथून दीड हातावर स्वच्छ बोलू लागतो. काडीला हात लावला की आवाज सुधारतो आणि हात काढताच पुन्हा खरखर सुरू होते, हाही अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी माणसाचे शरीरच अँटेनाचा भाग झालेले असते. संचाला लांबी कमी पडत असल्याची ती खूण समजावी.

खिडकीने भागले नाही तर पुढची पायरी डायपोलची. मधोमध तोडलेली, दोन सारख्या भुजांची ही सरळ अँटेना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी आहे. तिची एकूण लांबी काढण्यासाठी १४३ ला केंद्राच्या मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने (फ्रिक्वेन्सीने) भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. पट्ट्याच्या मध्याला, ९८ मेगाहर्ट्झला, ही लांबी १.४६ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा ७३ सेंटीमीटर. घरातील वायरिंगची उरलेली तांब्याची तार आणि एक लाकडी पट्टी यांवर ती तासाभरात तयार होते. म्युझिक सिस्टिमच्या खोक्यात मिळणारी चपट्या दुहेरी तारेची ‘टी’ आकाराची अँटेना हीसुद्धा दुमडलेला डायपोलच आहे, मात्र ती गुंडाळून संचामागे कोंबली जाते आणि मग नावे ठेवली जातात. तिच्या दोन्ही भुजा भिंतीवर ताठ ताणल्या पाहिजेत. आडवा डायपोल आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या दोन्ही दिशांकडून जास्त आणि टोकांच्या दिशेने जवळजवळ काहीच घेत नाही, त्यामुळे टोक मनोऱ्याकडे करून बसविणे ही नेहमीची चूक होय. कित्येक एफएम केंद्रे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवीकरणांत, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दोन्ही दिशांत, प्रक्षेपण करतात. म्हणून डायपोल आडवा व उभा दोन्ही प्रकारे लावून, जो बरा ऐकू येईल तो ठेवावा.

दूरच्या किंवा डोंगराआडच्या केंद्रासाठी यागी अँटेना लागते. डायपोलच्या मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड काड्या बसविल्या की एका दिशेची ग्रहणशक्ती वाढते व बाकीच्या दिशांची घटते. तीन काड्यांच्या यागीत मागची काडी १.५३ मीटर, पुढची १.३९ मीटर आणि काड्यांमधील अंतर सुमारे ६० सेंटीमीटर ठेवले तर चांगले काम होते. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे एकमेकांत घुसत असतील तेव्हा तर या दिशेच्या निवडीचा लाभ शक्तीपेक्षाही मोठा असतो, कारण एफएम संच दोन लहरींपैकी प्रबळ लहर धरून ठेवतो व दुसरी दाबून टाकतो.

येथे मराठवाड्यातील गच्च्यांवर अजून गंजत पडलेल्या दूरदर्शनच्या अँटेनांचा विषय निघतो. अंबाजोगाई किंवा म्हैसमाळच्या प्रक्षेपकाकडे तोंड करून त्या एकेकाळी घरोघरी उभ्या राहिल्या आणि डिश आल्यावर कपडे वाळत घालण्याच्या कामी आल्या. त्या एफएमला चालतात का, याचे उत्तर मोजपट्टी देते. काड्या ६५ ते ८५ सेंटीमीटर असतील तर ती १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या टीव्ही पट्ट्याची अँटेना आहे. एफएमला ती कशीबशी चालते, पण तिची दिशा आणि वाढीव शक्ती यांचा भरवसा धरू नये. काड्या दोन मीटरांहून लांब असतील तर ती खालच्या, ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची आहे आणि अशी अँटेना सापडणे हे भाग्यच, कारण करवतीने काड्या वरील मापांना कापून व त्यांच्यातील अंतर बदलून तिची एफएम यागी करता येते.

अँटेनापासून संचापर्यंत डिशसाठी वापरली जाणारी ७५ ओहमची आरजी-६ केबल घ्यावी. शंभर मेगाहर्ट्झला तिच्या १५ मीटर लांबीत जेमतेम एक डेसिबल नुकसान होते, म्हणून छतावर जाण्यास केबलच्या लांबीची भीती बाळगण्याचे कारण नाही. साध्या डायपोलचा संरोध (लहरीच्या प्रवाहाला होणारा विरोध, इम्पीडन्स) ७३ ओहमच्या जवळ असल्याने तो या केबलशी जुळतो. दुमडलेल्या डायपोलचा सुमारे ३०० ओहम असतो, त्यासाठी मध्ये बालून, म्हणजे दोहोंचा संरोध जुळविणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावावा लागतो. पोर्टेबल संचाला केबलचे तोंड नसते. तेथे केबलची मधली तार चिमट्याने काडीला व तिच्याभोवतीची धातूची जाळी संचाच्या ऋण टोकाला जोडतात. दिवे लावलेल्या, ‘बूस्टर’ असे लिहिलेल्या घरातील अँटेनांबद्दल सावध असावे. खरखरीत बुडालेली लहर बूस्टरमधून गेली की लहर आणि खरखर दोन्ही मोठी होतात, आणि शहरात जवळचा मनोरा असेल तर संच त्या जोराने गुदमरून एकच केंद्र तीन ठिकाणी लागू लागते.

पुष्कळदा दोष अँटेनाचा नसून घरातील एलईडी दिव्यांचा, मोबाइल चार्जरचा किंवा शेतातील सौरपंपाच्या कंट्रोलरचा असतो. एकेक उपकरण बंद करून पाहिल्यास चोर सापडतो. स्टिरिओचाही वाटा असतो : डाव्या-उजव्या आवाजातील फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मुख्य लहरीवर चढविलेल्या दुय्यम लहरीवर) वेगळा पाठविला जातो आणि तेथे गोंगाट जास्त असतो, त्यामुळे क्षीण लहरीवर मोनोचे (डावा-उजवा भेद न करता एकच आवाज देणारे) बटण दाबताच खरखर एकदम खाली बसते. भाषण, बातम्या आणि बाजारभाव ऐकणाऱ्याला याहून स्वस्त उपाय नाही.

छतावरील पाइपाला अर्थिंग देणे अपरिहार्य आहे. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात, आणि त्याच काळात काळी जमीन कोरडी पडून भेगाळलेली असल्याने उथळ पुरलेली अर्थिंगची सळई निरुपयोगी ठरते. ती खोल पुरावी, तिच्याभोवती मीठ व कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहावे. अर्थिंग असली तरी आभाळ गडगडू लागताच केबल संचापासून काढून दूर ठेवावी. पाइप पडला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही इतके अंतर आधीच राखावे. वाऱ्यापेक्षा वानरांचा उपद्रव अधिक असलेल्या गावांत यागीऐवजी बुटका डायपोल बरा. वानर आडव्या दांड्यावर एकदा लोंबकळले की साधलेली दिशा गेलीच.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते आणि लहरी क्षितिजापलीकडेही वाकून जातात. अशा वेळी गोदाकाठच्या गावांत एरवी कधी न लागणारी दूरची केंद्रे लागतात आणि ऊन चढले की नाहीशी होतात. त्यामुळे अँटेनाची दिशा डिसेंबरच्या पहाटे ठरवू नये. दुपारी, लहर सर्वांत साधी असताना ती ठरवून पाइपाचे क्लॅम्प घट्ट आवळावेत.