बांध फोडला की बीव्हर जातो? छे!

बीव्हर म्हणजे काटक्या-चिखलाचा बांध घालून ओढ्याचं पाणी अडवणारा, तळं करणारा, मोठ्या उंदरासारखा प्राणी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात ओढ्याकाठी घर घेतलं की सल्ला हमखास मिळतो: बीव्हरने बांध घातलाय ना, फोडून टाका, आपोआप निघून जाईल.

जात नाही. दुपारभर घाम गाळून फावड्याने बांध फोडावा, तर सकाळी तिथे ताज्या चिखलाचं लिंपण आणि साल सोललेल्या पांढऱ्या काटक्या हजर! वाहत्या पाण्याची खळखळ हीच त्याला कामाची हाक. स्वीडनचे संशोधक लार्स विल्सन यांनी स्पीकरवर तसा आवाज लावला, तर बीव्हर त्या स्पीकरपाशीच बांधकाम करायला लागले. शिवाय एकदम सुटलेलं पाणी खालच्या शेजाऱ्याकडे घुसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर परवानगीशिवाय बांध फोडणं बेकायदाच आहे.

मग करायचं काय? बांधातून जाड पाइप आरपार घालतात. त्याचं आत जाणारं तोंड बांधापासून दूर, खोल पाण्यात, तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी गुपचूप निघून जातं, खळखळ ऐकू येत नाही, तळं ठरावीक पातळीवर राहतं. पिंजऱ्यातला गाळ-कचरा अधूनमधून काढावा लागतो, एवढंच. आपली आवडती झाडं त्याने कुरतडू नयेत म्हणून खोडाभोवती थोडं अंतर सोडून तीन-चार फूट उंच जाळी. बर्फ साचत असेल तर आणखी उंच.

सापळे लावून पकडलं तरी जागा चांगली असली की दुसरं कुटुंब येतं. आणि हो, तो तळ्यातले मासे खातो हेही खोटं. बीव्हर पक्का शाकाहारी आहे.