निखाऱ्यावरचा बांगडा आणि स्टुलातले कोट

दक्षिण कोरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर सोकचो नावाचं बंदर आहे. तिथे भाजलेल्या माशांच्या खानावळींची एक गल्लीच आहे. अशा ठिकाणी कुटुंब आत शिरलं की आधी अंगातले कोट उतरतात. टेबलाभोवतीची गोल स्टुलं आतून पोकळ असतात. झाकण उचलायचं, कोट घडी करून आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि त्यावरच बसायचं. कोट बाहेर राहिला तर चार दिवस माशाचा वास सोडत नाही, हे तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं.

मग टेबलाच्या मधोमध निखारे येतात, वर जाळी. वाढणाऱ्या मावशी एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात कात्री घेऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकानं माशाला हात लावायचा नाही, कधी उलटायचा ते त्याच ठरवतात. जाळीवर जे पडतं ते आपल्याला परकं नाही. कोरियन ‘गोदुंगो’ म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. ‘सामची’ ही सुरमईच्या कुळातली. ‘गालची’ पाहिली तर मालवणचा माणूस लांबूनच ओळखेल, ती चंदेरी पट्ट्यासारखी वाकटी. पाणी थंड, भाषा वेगळी, पण गोतावळा तोच.

मासा जाळीवर येण्याआधी त्याला जाडं मीठ लागलेलं असतं. मीठ चवीसाठी असतंच, पण ते आणखी दोन कामं करतं. एक, कातडीवरचं पाणी बाहेर ओढतं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंगपणा देणारी अभिक्रिया मात्र 140 अंशांच्या आसपास जोर धरते. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो सुवासिक रेणू तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ओला मासा टाकला तर तो आधी वाफवतो आणि जाळीला चिकटतो. कोरडा टाकला तर कातडी कुरकुरीत होते. दुसरं काम आत चालतं. मिठामुळे स्नायूंतली प्रथिनं थोडी सैलावतात, आणि तापल्यावर त्यांची जी जाळी बनते ती पाणी धरून ठेवते. म्हणून आधी मीठ लावून ठेवलेला मासा आतून रसाळ लागतो.

मिठाची खरी कहाणी मात्र किनाऱ्यापासून आत, आंदोंग शहरात आहे. योंगदोकच्या किनाऱ्यावरून बांगडे डोंगर ओलांडून तिथे पोहोचायला एक दिवसाहून जास्त लागायचा. मासा बिघडायच्या उंबरठ्यावर यायचा, आणि नेमकं तेव्हाच शहराजवळच्या बाजारात त्याला मीठ लावलं जायचं. तोवर माशाच्या स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी) प्रथिनं तोडून चवदार अमिनो आम्लं मोकळी केलेली असत. आंदोंगचा खारा बांगडा आजही कोरियाभर नावाजलेला आहे. कोकणात पावसाळ्याच्या बेगमीचे खारे बांगडे ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाऊन चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन भाजून, तळून किंवा उकळून जात नाही. म्हणून बांगडा घेताना त्याच्यावर बर्फ आहे का हे बघाच, भाव नंतर करा.

आता वासाकडे येऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि बांगड्यासारख्या माशाच्या शरीरातल्या द्रवात त्याच्या साधारण एक तृतीयांश. माशाच्या पेशींत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा रेणू साठलेला असतो. पाण्याचा तोल सांभाळायला आणि प्रथिनांचा आकार टिकवायला त्याची मदत होते. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच बाजारात येणारा ‘माशाचा वास’. हा रेणू आम्लाशी जोडला गेला की हवेत उडू शकत नाही. कोरियात माशावर लिंबू पिळा किंवा मालवणात कालवणात आमसूल टाका, रसायनशास्त्र एकच.

पण कोट स्टुलात ठेवायला लावणारा वास याहून वेगळा, तो चरबीचा. थंड पाण्यातल्या माशाची चरबी गोठून चालत नाही. तिच्या रेणूंच्या साखळ्या जागोजागी वाकलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि चरबी थंडीतही पातळ राहते. ज्या ओमेगा-3 साठी डॉक्टर मासे खा म्हणतात, ती हीच. हिवाळ्याआधी बांगडा ती अंगात साठवून घेतो. कोरियात म्हण आहे की शरदातला बांगडा सुनेलाही देऊ नये. जाळीखाली थेंब पडला की निखारा फुरफुरतो, चरबी अर्धवट जळते आणि धुरातून तेलाचे नि काजळीचे अतिसूक्ष्म कण वर येतात. ते लोकरीत जाऊन बसतात.

याच धुरानं 2016 मध्ये कोरियात मोठा गदारोळ झाला. पर्यावरण मंत्रालयानं बंद स्वयंपाकघरात वेगवेगळे पदार्थ शिजवून हवेतले सूक्ष्म कण मोजले. डुकराचं मांस भाजताना घनमीटरला 1,360 मायक्रोग्रॅम, अंडं तळताना 1,130, आणि बांगडा भाजताना 2,290. बातमी अशी पसरली की जणू देशाच्या धुरकट हवेला बांगडाच जबाबदार. भाव पडले, कोळी चिडले, आणि शेवटी मंत्रालयाला खुलासा करावा लागला की सांगायचं होतं ते एवढंच: स्वयंपाक करताना खिडक्या उघडा. मला यात कोळ्यांची बाजू पटते. मोजमाप खरं होतं, पण बंद खोलीतला आकडा शहराच्या हवेला लावणं चूक होतं. तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला घरी मासा भाजणं नको वाटतं, आणि सोकचोसारख्या ठिकाणी आल्यावर मात्र सगळे निखाऱ्याभोवती गोळा होतात.

मासा तयार झाला की आजी पुढे सरसावते. चपट्या धातूच्या चॉपस्टिक पाठीच्या रेषेत घालते, थोडा दाब देते आणि मांस पाकळ्या पाकळ्यांनी सुटतं. बोकडाचं मांस असं कधी सुटणार नाही. जमिनीवरच्या प्राण्याला स्वतःचं वजन पेलायचं असतं, म्हणून त्याच्या स्नायूंना कोलॅजेन या चिवट प्रथिनानं घट्ट बांधलेलं असतं. माशाला पाणी तोलून धरतं. त्याचे स्नायू आखूड, एकामागे एक रचलेले, आणि मध्ये कोलॅजेनचे पातळ पडदे. हे पडदे 50 अंशांच्या आसपासच विरघळू लागतात. मावशींनी मासा वेळेवर उचलला म्हणून तो रसाळ राहिला. आणखी थोडा ठेवला असता तर प्रथिनं आवळून पाणी निघून गेलं असतं.

पांढऱ्या पाकळ्या आजी नातवाच्या भातावर ठेवते. मग बाजूच्या रेषेलगतची काळपट पट्टी निघते. पांढरं मांस झटक्यात पळण्यासाठी असतं, तर ही पट्टी आयुष्यभर न थांबता पोहत राहण्यासाठी. तिला प्राणवायू सतत लागतो, म्हणून तिच्यात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन खच्चून भरलेलं, चरबीही जास्त, वासही उग्र. नातू नाक मुरडतो. आजी ती पट्टी आपल्या वाटीत घेते आणि काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवते.