पायथनमधील लॉगचा साचा : टक्केचिन्हाचा वारसा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील, प्रोग्रॅम चालताना घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवणाऱ्या लॉगिंग मॉड्यूलचा प्रस्ताव २००२ मध्ये मांडला गेला आणि २००३ मधील २.३ आवृत्तीपासून ते भाषेसोबतच मिळू लागले. जावाच्या जगात आधीच रुळलेल्या लॉगफोरजे या लायब्ररीवर त्याची रचना बेतलेली होती. पातळ्या (संदेशाचे महत्त्व), हँडलर (संदेश फाइल किंवा पडद्यापर्यंत पोहोचवणारा भाग) आणि फॉरमॅटर (ओळ साच्यात बसवणारा भाग) ही विभागणी तिथलीच, आणि अंडरस्कोरऐवजी मधले अक्षर मोठे करून लिहिलेली फंक्शनांची नावेही तिथलीच. पायथनच्या इतर मॉड्यूलांशेजारी ती आजही परकी दिसतात. ओळीचा साचा मात्र पायथनच्या स्वतःच्या रीतीचा, म्हणजे टक्केचिन्ह आणि त्यापुढे कंसात नाव असा ठेवण्यात आला. त्या वेळी भाषेत याला दुसरा अंगभूत पर्याय नव्हता, हे पुढच्या वादाच्या संदर्भात महत्त्वाचे आहे.

सुरुवातीला फॉरमॅटर हाताने हँडलरला जोडावा लागे किंवा आयएनआय धाटणीची, म्हणजे साध्या मजकुरातली जुळणीची फाइल द्यावी लागे. साचा, तारखेची पद्धत आणि पातळी थेट बेसिककॉन्फिग या जुळणी करणाऱ्या फंक्शनला देण्याची सोय २.४ मध्ये आली, तर डिक्शनरीवरून (नावे आणि मूल्यांच्या जोड्यांवरून) सगळी जुळणी करणारे डिक्टकॉन्फिग २.७ (२०१०) आणि ३.२ (२०११) या आवृत्त्यांत. त्यात नको ते संदेश गाळणारे फिल्टरही बसवता येतात, जे जुन्या फाइलमधून जमत नाही. मात्र आधी तयार झालेले लॉगर (प्रोग्रॅमकडून संदेश स्वीकारणाऱ्या वस्तू) बंद करून टाकण्याचा पर्याय दोन्हींत मुळातच चालू ठेवलेला आहे, आणि साचा नीट बसूनही संदेशच येत नाहीत अशा तक्रारींचे मूळ बहुतेकदा तिथे सापडते.

खरा वाद ३.२ मध्येच सुरू झाला. मजकुरात मूल्ये बसवण्याची महिरपी कंसांची नवी पद्धत २००८ पासून भाषेत आलेली होती आणि टक्केचिन्ह आता मागे पडणार असा सर्वसाधारण समज होता. त्यामुळे फॉरमॅटरला ‘स्टाइल’ हा पर्याय मिळाला, तेव्हा सगळे लॉगिंग नव्या पद्धतीने लिहिता येईल असे अनेकांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात तो पर्याय वेळ, पातळी, लॉगरचे नाव आणि तयार संदेश एका ओळीत बसवणाऱ्या बाहेरच्या चौकटीपुरताच आहे. लासलगावच्या कांद्याची आवक नोंदवणारी एखादी स्क्रिप्ट घेतली, तर चौकट महिरपी कंसांत लिहिता येते. पण आवकेचा आकडा संदेशात बसवताना लॉगरला दिलेल्या मजकुरात टक्केचिन्हच वापरावे लागते. एकाच फाइलमध्ये दोन लिपी नांदाव्यात असा हा प्रकार नवख्याला विसंगत वाटतो, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली.

तरीही तो निर्णय टाळता येण्याजोगा नव्हता, असे दिसते. लॉगरांची रचना संपूर्ण प्रोग्रॅमसाठी सामाईक असते. आपल्या स्क्रिप्टसोबत आलेली प्रत्येक लायब्ररी त्याच हँडलरांकडे संदेश पाठवते आणि त्या लायब्रऱ्यांमधील हजारो ओळी टक्केचिन्हानेच लिहिलेल्या होत्या. संदेश जुळवण्याची पद्धत एका जागी बदलली असती, तर इतरांचे संदेश मोडले असते. त्याऐवजी संदेश म्हणून कोणतीही वस्तू देता येते आणि तिचे मजकुरात रूपांतर शेवटी होते, ही मुळापासून असलेली मुभा वापरून महिरपी कंसांचा छोटा क्लास लिहिण्याचा मार्ग सुचवण्यात आला. तो चालतो, पण रोजच्या वापरात फारसा रुजला नाही.

२०१६ च्या अखेरीस ३.६ मध्ये आलेल्या, मूल्ये थेट मजकुरातच लिहू देणाऱ्या एफ-स्ट्रिंगने हा वाद सोडवण्याऐवजी झाकला. संदेश लॉगरकडे जाण्याआधीच पूर्ण तयार होतो, त्यामुळे पातळी बंद असली तरी तो जुळवण्याचा खर्च होतोच. शिवाय मूळ साचा आणि मूल्ये वेगळी राहत नसल्याने एकाच प्रकारचे संदेश एकत्र मोजणे अवघड होते. वाचायला सोपे म्हणून लोकांनी ते स्वीकारले, हे मात्र मान्य करावे लागते.

वेळेच्या बाबतीत इतिहास अधिक साधा असला तरी नाशिकमध्ये तो रोज जाणवतो. फॉरमॅटर यंत्राची स्थानिक वेळ घेतो आणि वेळेचा विभाग (टाइम झोन) छापत नाही, म्हणून यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालणाऱ्या सर्व्हरवर सकाळी १० च्या लिलावाची नोंद ०४:३० अशी दिसते. विभाग दाखवण्यासाठी तारखेचा स्वतंत्र साचा दिला की मिलिसेकंद गळतात आणि ते वेगळ्या नावाने पुन्हा जोडावे लागतात. गावांची नावे देवनागरीत नोंदवणाऱ्यांची अडचण निराळी होती : विंडोजवर लॉगची फाइल यंत्राच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) उघडे, मराठी ओळ लिहिताना त्रुटी येई, आणि प्रोग्रॅम मात्र पुढे चालू राही. फाइल हँडलरला एन्कोडिंग आधीपासून देता येत असे. बेसिककॉन्फिगला ते ३.९ मध्ये, म्हणजे २०२० साली, मिळाले.

२०२५ च्या ३.१४ आवृत्तीतील टी-स्ट्रिंगमध्ये साचा आणि मूल्ये वेगळी राहतात, आणि तिच्या प्रस्तावातच लॉगिंगचे उदाहरण दिलेले आहे. मात्र ते प्रत्यक्षात आणण्यासाठी संदेशाचा क्लास किंवा फॉरमॅटर अजूनही स्वतःच लिहावा लागतो.